ऑफिसात २२ अंश, तरी थंडी का वाजते? थर्मल कम्फर्ट म्हणजे काय आणि तो मोजतात कसा

भिंतीवरच्या छोट्या डिस्प्लेवर २२ अंश दिसत होते. पलीकडच्या रांगेतला सहकारी शर्टाच्या बाह्या सरसावून मजेत काम करत होता. आणि मी शर्टावर जाड स्वेटर घालून, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बिल्ड पूर्ण व्हायची वाट बघत होतो. म्युनिकमधल्या क्लायंटच्या ऑफिसातला हा माझा पहिला जानेवारी.

एकदा हळूच म्हणून बघितलं, की इथं थंडी वाजतेय. उत्तर हसत आलं: "भारतातून आलायस ना, होईल सवय." मलाही ते पटलं. आपण पडलो पुण्याकडचे, आपल्याला १२ अंशांतच कानटोपी लागते! त्यामुळे मी गप्प बसलो. पण तीन आठवडे झाले तरी सवय काही होईना. दुपारी तीननंतर बोटं इतकी गार पडायची की टायपिंगच्या चुका वाढायच्या, आणि संध्याकाळी डावा खांदा आखडलेला असायचा. फक्त डावाच. सवयीचा प्रश्न असता तर तो दोन्ही खांद्यांना असायला हवा होता, नाही का?

त्या डाव्या खांद्यामुळे मी या विषयात शिरलो. मग कळलं, की "मला थंडी वाजतेय" या वाक्यामागे चक्क एक समीकरण आहे, त्याचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, आणि भिंतीवरचा तो २२ चा आकडा त्या समीकरणातल्या सहा गोष्टींपैकी फक्त एक सांगतो. या लेखात आपण त्या सहाही गोष्टी समजून घेऊ, त्या कशा तपासायच्या ते बघू, आणि माझ्या खांद्याचं पुढे काय झालं तेही सांगतो.

थर्मल कम्फर्ट म्हणजे नेमकं काय?

इमारतींच्या हीटिंग-कूलिंगचे नियम ठरवणारी अॅश्रे नावाची अमेरिकन संस्था आहे. तिच्या ५५ क्रमांकाच्या स्टँडर्डनुसार थर्मल कम्फर्ट म्हणजे आजूबाजूच्या उष्णतेबद्दल समाधान वाटण्याची मनाची अवस्था. इंजिनिअरिंगच्या स्टँडर्डमध्ये "मन" हा शब्द वाचून मला गंमत वाटली. पण ते बरोबरच आहे. खोलीला थंडी वाजत नाही, माणसाला वाजते.

शरीराच्या बाजूने गणित असं आहे. आपण सतत उष्णता तयार करत असतो. बसून टायपिंग करणारा माणूस साधारण ११५ वॉट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे जुन्या १०० वॉटच्या बल्बपेक्षा थोडी जास्तच. आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास ठेवायचं, तर जेवढी उष्णता तयार होते तेवढीच बाहेर जायला हवी. कमी गेली तर उकडतं, जास्त गेली तर थंडी वाजते.

जास्त जायला लागली की शरीर काटकसर सुरू करतं. हृदय, मेंदू, पोटातले अवयव यांना आधी सांभाळायचं म्हणून हातापायांकडच्या रक्तवाहिन्या आकसतात. बोटांकडे गरम रक्त कमी जातं आणि बोटं गार पडतात. म्हणजे गार बोटं हा नखरा नाही. शरीराने लावलेला तो लो-पॉवर मोड आहे. फोनची बॅटरी कमी झाली की स्क्रीन मंद होते ना, तसंच. फक्त इथे मंद होतात ती टाइप करणारी बोटं, आणि कीबोर्डवर पोट भरणाऱ्याला नेमकं तेच महागात पडतं.

थंडी ठरवणारे सहा घटक

डेन्मार्कचे संशोधक पोव्ह्ल ओले फँगर यांनी १९७० मध्ये "थर्मल कम्फर्ट" नावाचं पुस्तक प्रसिद्ध केलं. शेकडो विद्यार्थ्यांना नियंत्रित तापमानाच्या खोल्यांत बसवून, त्यांना कसं वाटतंय ते विचारून जी माहिती जमली होती, तिच्यावर त्यांनी एक मॉडेल उभं केलं. आज आयएसओ ७७३० आणि अॅश्रे ५५ या दोन्ही स्टँडर्डमध्ये ते वापरलं जातं. त्याला सहा इनपुट लागतात:

१. हवेचं तापमान
२. आजूबाजूच्या पृष्ठभागांचं तापमान
३. हवेचा वेग
४. हवेतली आर्द्रता
५. अंगावरचे कपडे
६. शरीराची हालचाल

पहिल्या चार गोष्टी खोलीच्या, शेवटच्या दोन आपल्या. एकेक बघू.

हवेचं तापमान

हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते कुठे मोजलंय, हे कोणी विचारत नाही. सेन्सर बहुतेक वेळा आतल्या भिंतीवर, दाराजवळ, साधारण छातीच्या उंचीवर असतो. गरम हवा वर जाते, गार हवा खाली बसते. त्यामुळे सेन्सरपाशी २२ अंश असताना खिडकीजवळ, टेबलाखाली, घोट्यापाशी चार-पाच अंश कमी असू शकतात. आयएसओ ७७३० मध्ये याची मर्यादाच दिली आहे. साध्या, चांगल्या ऑफिसात बसलेल्या माणसाच्या घोट्यापाशी आणि डोक्यापाशी असलेल्या तापमानात ३ अंशांपेक्षा कमी फरक असावा. डोकं गरम आणि पाय गार, ही जोडी शरीराला अजिबात आवडत नाही.

आजूबाजूचे पृष्ठभाग: खरा गुन्हेगार

शेकोटी आठवा. हिवाळ्यात गावाकडे शेकोटीसमोर बसलं की तोंड भाजतं आणि पाठ गारठते. दोन्ही बाजूंची हवा जवळजवळ तेवढीच गार असते. तोंडाला लागते ती आगीकडून थेट किरणांनी येणारी उष्णता. ती हवेला न विचारता सरळ तुमच्यापर्यंत पोहोचते. उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली पंखा लावूनही डोकं तापतं, तेही यामुळेच.

आता हेच उलटं करा. तुमच्या शेजारी मोठी गार काच आहे. तुमची त्वचा आणि कपडे त्या काचेकडे सतत उष्णता फेकत असतात, पण काच तेवढी परत देत नाही. काचेतून थंडी "आत येते" असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात आपली उष्णता तिच्याकडे निघून जात असते.

काच किती गार असते? बाहेर उणे ५ आणि आत २१ अंश असं धरून मी हिशोब केला:

- एकपदरी काच: आतल्या बाजूचं तापमान साधारण १ ते २ अंश
- जुनी दुपदरी काच: साधारण ११ ते १२ अंश
- आधुनिक तिपदरी काच: साधारण १८ अंश

तिन्ही खोल्यांत हवा २१ अंशच आहे, थर्मामीटरही तेच दाखवेल. पण एकपदरी काचेशेजारी बसलेला माणूस जवळपास फ्रीजच्या भिंतीशेजारी बसलाय.

म्हणून इंजिनिअर नुसत्या हवेचं तापमान न बघता ऑपरेटिव्ह टेम्परेचर बघतात. साध्या ऑफिससाठी ते हवेचं तापमान आणि आजूबाजूच्या पृष्ठभागांचं सरासरी तापमान यांच्या मधोमध धरलं तरी चालतं. हवा २२ आणि पृष्ठभाग सरासरी १८ असतील, तर शरीराला जाणवतात २० अंश.

आणि हो, माझी डावी बाजू खिडकीकडे होती.

हवेचा वेग

गार काचेला लागून असलेली हवा गार होते, जड होते आणि काचेवरून खाली घसरते. जमिनीवर आली की तिथून ती पसरत तुमच्या पावलांपर्यंत येते. खिडकी घट्ट बंद असते, फटही नसते, तरी घोट्यांना झुळूक लागते. लोक फटी बुजवत बसतात, पण वारा खोलीतच तयार होत असतो.

युरोपातल्या जुन्या इमारतींत रेडिएटर नेमका खिडकीखाली का असतो, याचं उत्तर इथे आहे. काचेवरून घसरणाऱ्या गार हवेला खालून वर जाणारी गरम हवा अडवते. पण रेडिएटरसमोर कपाट किंवा टेबल ठेवलं, की हा सगळा बेत फसतो.

हिवाळ्यात साध्या ऑफिससाठी आयएसओ ७७३० ने हवेच्या वेगाची मर्यादा सुमारे ०.१६ मीटर प्रति सेकंद धरली आहे. हा वेग इतका कमी आहे, की त्याने टेबलावरचा कागदही हलत नाही. पण मानेला आणि घोट्यांना तो कळतो.

आर्द्रता

तापमानाच्या जाणिवेवर हिवाळ्यात आर्द्रतेचा परिणाम कमी असतो, त्यामुळे इथे फार थांबत नाही. पण एक गोष्ट नव्याने जाणाऱ्यांना माहीत हवी. उणे ५ अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा आत घेऊन २१ अंशांपर्यंत तापवली, तर तिची आर्द्रता उरते जेमतेम १३-१४ टक्के. पाणी तेवढंच राहतं, पण गरम हवेची ते सामावून घेण्याची क्षमता वाढलेली असते. ओठ फुटणं, डोळे चुरचुरणं, दाराच्या मुठीला हात लावल्यावर बसणारा झटका, हे सगळं त्यातून येतं. आपल्या कोकणातल्या माणसाला हे पहिल्यांदा फार विचित्र वाटतं.

कपडे

कपड्यांच्या उबेचं एकक आहे क्लो. १९४१ मध्ये शास्त्रज्ञांनी ते ठरवलं, तेव्हा साधारण एक पूर्ण सूट म्हणजे १ क्लो असा अंदाज होता. आजच्या हिशोबात पँट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट म्हणजे सुमारे ०.६ क्लो. आत टी-शर्ट, वर स्वेटर चढवला की साधारण १ क्लो. बसायची गादीची खुर्चीसुद्धा ०.१ क्लोची भर घालते. ढोबळ हिशोब असा, की एक चांगला स्वेटर खोली दोनेक अंशांनी तापवण्याचं काम करतो, तेही बिलाशिवाय.

पण स्वेटरला मर्यादा आहे. तो छाती-पाठ झाकतो. बोटं, नाक आणि घोटे उघडेच राहतात.

हालचाल

याचं एकक मेट. शांत बसलेला माणूस १ मेट, टायपिंग करणारा साधारण १.१, सावकाश चालणारा २. म्हणजे दिवसभर या मीटिंगमधून त्या मीटिंगमध्ये फिरणारा मॅनेजर अधूनमधून तुमच्या जवळजवळ दुप्पट उष्णता तयार करत असतो. त्याला खोली छान वाटते, तुम्हाला गार. दोघंही खरं बोलत असतात.

सहा आकड्यांचा एक आकडा: पीएमव्ही

फँगर यांच्या मॉडेलमध्ये हे सहा आकडे टाकले की उत्तर येतं पीएमव्ही. उणे ३ म्हणजे फार थंड, शून्य म्हणजे ठीक, अधिक ३ म्हणजे फार गरम. त्यावरून दुसरा आकडा निघतो तो पीपीडी, म्हणजे अशा जागी बसलेल्या शंभरपैकी किती जण नाखूश असतील.

इथली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: पीपीडी कधीच ५ टक्क्यांच्या खाली जात नाही. पीएमव्ही बरोबर शून्य असला तरी शंभरात पाच माणसं नाखूश असणार, हे मॉडेलनेच धरलेलं आहे. सगळ्यांना आवडेल असं तापमान अस्तित्वातच नाही. पुढच्या वेळी ऑफिसात थर्मोस्टॅटवरून भांडण झालं तर हे जरूर सांगा.

हे गणित हाताने करायची गरज नाही. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या सेंटर फॉर द बिल्ट एन्व्हायर्नमेंटने सीबीई थर्मल कम्फर्ट टूल नावाचं मोफत वेब टूल बनवलंय. फोनच्या ब्राउझरमध्ये उघडतं. सहा आकडे टाका, उत्तर बघा.

मग मी मोजायला घेतलं

आधी फोनकडे वळलो आणि फसलो. "रूम टेम्परेचर" नावाची जी अॅप्स असतात, त्यातली बरीचशी इंटरनेटवरून बाहेरच्या हवामानाचा आकडा आणतात किंवा बॅटरीचं तापमान दाखवतात. अँड्रॉइडमध्ये बाहेरच्या हवेचं तापमान वाचायची सोय आहे, पण त्यासाठी लागणारा सेन्सर बहुतेक फोनमध्ये नसतो. २०१३ च्या गॅलेक्सी एस४ मध्ये होता, पुढे ती पद्धत रुळली नाही. सेन्सर असला तरी तो प्रोसेसर आणि बॅटरीच्या शेजारी बसणार. फोन स्वतःच तापतो, मग तो खोलीचं काय सांगणार? त्यामुळे असल्या अॅपवर विसंबू नका.

मी दोन गोष्टी विकत घेतल्या: ब्लूटूथवर चालणारे दोन छोटे तापमान-आर्द्रता सेन्सर, आणि एक इन्फ्रारेड थर्मामीटर. कोविडच्या काळात कपाळावर रोखायचे ना, त्याच तत्त्वावर चालणारा, पण वस्तूंचं तापमान मोजणारा. आठवडाभर नोंदी ठेवल्या. बाहेर उणे ४-५ अंश असलेल्या एका सकाळचे आकडे असे होते:

- आतल्या भिंतीवरच्या डिस्प्लेपाशी: २२ अंश
- माझ्या टेबलावर: २१ अंश
- माझ्या घोट्यापाशी: १७.५ अंश
- खिडकीची काच, आतून: १२ अंश
- आर्द्रता: २५ टक्के

खिडकी मोठी आणि अगदी जवळ असल्याने माझ्याभोवतीच्या पृष्ठभागांचं सरासरी तापमान मी १८ धरलं. हवेचा वेग ०.१५, कपडे १ क्लो, काम १.१ मेट. टूलमध्ये टाकल्यावर पीएमव्ही आला सुमारे उणे ०.९, म्हणजे माझ्या जागी बसणाऱ्या शंभरातल्या साधारण बावीस जणांनी तक्रार केली असती. मग बाह्या सरसावलेल्या सहकाऱ्याची जागा तपासली. हवा २२, पृष्ठभाग २२, वेग ०.१, आणि कपडे मुद्दाम माझ्याएवढेच धरले. पीएमव्ही सुमारे उणे ०.३, नाखूश सहा-सात टक्के.

एकच खोली, एकच डिस्प्ले, मध्ये सात-आठ मीटर अंतर. आणि नाखूश माणसांचं प्रमाण तिपटीहून जास्त. त्यात घोट्यापाशी साडेतीन अंशांचा फरक होता, तो तर या आकड्यात धरलेलाही नाही.

खरं सांगतो, तो आकडा बघून मला आधी हलकं वाटलं. तीन आठवडे मी स्वतःला नाजूक समजत होतो.

"सरासरी माणूस" कोण?

मी हे आकडे टीमला दाखवले, तेव्हा माझ्याच रांगेत बसणारी एक सहकारी जवळ आली. वयाने माझ्यापेक्षा बरीच मोठी, म्युनिकमध्येच वाढलेली. खुर्चीच्या पाठीवर तिची शाल कायम असायची. ती म्हणाली, "चार हिवाळे मी इथे बसतेय. मला वाटलं माझ्याच तब्येतीत काहीतरी बिघडलंय." तिने रक्तसुद्धा तपासून घेतलं होतं. थंडीतच जन्म गेलेल्या बाईलाही तिथे थंडी वाजत होती. माझ्या भारतीय असण्याचा संबंध तिथेच संपला.

तिच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असू शकते. कामाच्या उष्णतेचे जे जुने प्रमाण आकडे आहेत, ते सुमारे ४० वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषावरून आले आहेत. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या बोरिस किंग्मा आणि वाउटर फान मार्केन लिख्टेनबेल्ट या संशोधकांनी "नेचर क्लायमेट चेंज" मध्ये दाखवलं, की हलकं ऑफिसकाम करणाऱ्या तरुण स्त्रियांच्या शरीरात तयार होणारी उष्णता या प्रमाण आकड्यांपेक्षा बरीच कमी असते. अभ्यास छोटा होता, १६ स्त्रियांचा, पण मुद्दा मोठा आहे. समीकरणात मेटचा आकडा चुकीचा टाकला तर उत्तर चुकीचंच येणार.

याचा परिणाम कामावरही दिसतो. २०१९ मध्ये बर्लिनला ५४३ विद्यार्थ्यांना १६ ते ३३ अंशांच्या वेगवेगळ्या तापमानांत बसवून गणिताचे आणि शब्दांचे प्रश्न सोडवायला दिले. खोली गरम होत गेली तशी मुलींची कामगिरी सुधारली. मुलांची थोडी घसरली, पण मुलींच्या सुधारणेपेक्षा कमी. म्हणजे थर्मोस्टॅट कुठे ठेवायचा, हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नाही.

रेडिएटरवरच्या १ ते ५ चा अर्थ

आमच्या कोपऱ्यातला रेडिएटर ४ वर होता, तरी कोमटच. नव्याने गेलेल्यांची इथे हमखास गल्लत होते, म्हणून नीट सांगतो.

जर्मनीत रेडिएटरच्या नळाला बहुधा १ ते ५ आकड्यांची गोल मूठ असते. हे आकडे वेग नाहीत, तापमान आहेत. ३ म्हणजे साधारण २० अंश, आणि पुढे-मागे प्रत्येक आकड्याला सुमारे ४ अंश. चांदणीचं चिन्ह म्हणजे पाइप गोठू नयेत एवढंच, सुमारे ६ अंश. मूठ ५ वर ठेवली म्हणून खोली लवकर तापत नाही, फक्त २८ अंशांपर्यंत तापत राहते. आपल्याकडे एसी १६ वर ठेवला की लवकर गार होईल असं वाटतं, तीच ही चूक.

मुठीच्या आत मेण किंवा द्रव असतो. तो गरम झाला की प्रसरण पावतो आणि पाण्याचा मार्ग बंद करतो. ना वीज, ना चिप. पण ही मूठ फक्त स्वतःभोवतीची हवा ओळखते. आमच्याकडे रेडिएटरसमोर फायलींचं कपाट होतं. कपाटामागे गरम हवा अडकायची, मुठीला वाटायचं खोली तापली, आणि ती पाणी बंद करायची. कपाटाच्या या बाजूला आम्ही कुडकुडत. सेन्सर चुकीच्या जागी असला की कोड कितीही बरोबर असो, उपयोग शून्य.

शेवटी काय झालं?

कपाट हललं. माझं आणि त्या सहकारीचं टेबल खिडकीपासून दीड मीटर आत सरकलं. घोट्यापाशी तापमान साडेसतरावरून साडेएकोणीस झालं, आणि माझा खांदा आठवड्याभरात मोकळा झाला. हीटिंगचं सेटिंग कोणी अर्ध्या अंशानेही वाढवलं नाही. शाल मात्र अजून तिच्या खुर्चीवर असते, कारण मॉडेल काहीही म्हणो, फेब्रुवारी तो फेब्रुवारीच!

तुम्ही काय करू शकता?

- जागा ओळखा. थंडी कुठे वाजते ते आठवडाभर लिहा. एकाच बाजूला वाजत असेल तर काच किंवा बाहेरची भिंत, घोट्यांना वाजत असेल तर खाली घसरणारी हवा, सगळीकडे वाजत असेल तर हवेचं तापमान किंवा कपडे.
- काचेचं तापमान मोजा. इन्फ्रारेड थर्मामीटर जवळ धरा. चकचकीत धातूवर तो चुकीचं दाखवतो, काचेवर आणि भिंतीवर ठीक चालतो.
- रेडिएटर मोकळा करा. समोर कपाट, बॅग, लांब पडदा नको.
- टेबल सरकवा. गार काचेपासून मीटर-दीड मीटर अंतरानेही मोठा फरक पडतो.
- पायांपासून सुरुवात करा. लोकरी मोजे आणि जाड तळाचे बूट. पायाखाली साधी चटई किंवा जाड पुठ्ठासुद्धा कामी येतो.
- दर तासाला उठा. दोन-तीन मिनिटं चालणं म्हणजे स्वतःचा हीटर वाढवणं.
- माणूस तापवा, खोली नको. पायाखालचं गरम होणारं पॅड शंभर वॉटच्या आसपास घेतं, फॅन हीटर दीड-दोन हजार वॉट. बऱ्याच ऑफिसांत फॅन हीटरला आगीच्या भीतीने बंदी असते, म्हणून आधी विचारा.
- तक्रार आकड्यांत करा. "थंडी वाजते" ला उत्तर मिळतं "सवय होईल". "घोट्यापाशी साडेसतरा, काच बारा" याला मोजूनच उत्तर द्यावं लागतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ऑफिसात किमान किती तापमान असायला हवं, याचा नियम आहे का?
देशानुसार बदलतो. जर्मनीत एएसआर ए३.५ या तांत्रिक नियमानुसार बसून करायच्या हलक्या कामासाठी किमान २० अंश. गॅसटंचाईच्या २०२२-२३ च्या हिवाळ्यात सरकारी ऑफिसांत ते १९ वर आणलं होतं. ब्रिटनमध्ये मार्गदर्शक आकडा १६ अंश, आणि अंगमेहनतीच्या कामाला १३.

जर्मन लोक भर थंडीत खिडक्या का उघडतात?
शिळी हवा बाहेर काढायला. पाच मिनिटं खिडकी सताड उघडून बंद केली तर हवा बदलते, पण भिंती आणि फर्निचर गार होत नाहीत, त्यामुळे खोली पटकन पूर्ववत होते. खिडकी तासन् तास किलकिली ठेवली की मात्र भिंतीही गारठतात.

पुण्या-मुंबईच्या एसी ऑफिसला हे लागू होतं का?
हो, सहा घटक तेच. फरक एवढाच, की तिथे गुन्हेगार बहुधा गार काच नसून डोक्यावर थेट येणारा एसीचा झोत असतो. मे महिन्यात ऑफिसात शाल घेऊन बसणाऱ्या मैत्रिणीला हसण्याआधी तिच्या जागेवर पाच मिनिटं बसून बघा.

थोडक्यात

थर्मोस्टॅटवरचा आकडा हा त्याच्या स्वतःच्या जागेचा आकडा आहे, तुमच्या खुर्चीचा नाही. हवा, पृष्ठभाग, वारा, आर्द्रता, कपडे आणि हालचाल मिळून थंडी ठरते. तुमच्यापैकी कोणी या हिवाळ्यात युरोप-कॅनडाला शिकायला किंवा नोकरीला जात असेल, तर बॅगेत लोकरी मोज्यांशेजारी एक छोटा सेन्सरही टाका. थंडी वाजली तर आधी स्वतःला दोष देऊ नका, आधी मोजा.